दिघेताईंची भीती

दिघेताई घाबरट होत्या. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्या गेल्यापासून जो तो उलटंच सांगतोय. तेराव्याला माधव नगरातल्या त्यांच्या घरी आमच्या हॉस्पिटलची निम्मी माणसं आली होती. "दीदी को तो डर नाम की चीज़ ही नहीं थी," असं एक डॉक्टर दिघेकाकांना सांगत होते आणि काका मान हलवत ऐकून घेत होते. मी कोपऱ्यात चहाचे कप भरत होते. वाटलं, उठून सांगावं, साहेब, या बाईसोबत मी नऊ वर्षं काम केलं आणि इतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पण ती वेळ नव्हती. म्हणून आता लिहितेय.

आमचा आयसीयू दहा खाटांचा. उज्जैनचं एक मधलं, खाजगी हॉस्पिटल. पेशंट बहुतेक छातीचे: न्यूमोनियाचे, दम्याचे, बंद पडलेल्या कापड मिलमध्ये आयुष्यभर सूत कातून फुप्फुसात कापूस भरून घेतलेले म्हातारे. दिघेताई तिथल्या सिनियर सिस्टर. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट आंबाडा. पेशंटच्या डोक्यापाशी पोचायला त्यांना लाकडी स्टूल लागायचं आणि ते स्टूल कुठे ठेवलंय हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. अॅप्रनच्या खिशात ऑक्सिजन सिलिंडर उघडायचा पाना, बँडेजच्या पट्टीने खिशालाच बांधलेला. चालताना तो स्टेथोस्कोपवर आपटायचा. आम्ही नवीन मुली त्या आवाजाने मोबाइल लपवायचो.

ड्यूटीच्या अर्धा तास आधी त्या यायच्या. प्रत्येक खाटेपाशी जाऊन अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी, स्वतःच्या तळव्यावर दाबून बघायच्या. सक्शनच्या नळीला बोट लावून ती ओढते की नाही ते पाहायच्या. सिलिंडरचा काटा बघायच्या. मग पेशंटपाशी उभ्या राहून त्याच्या पोटावर हात ठेवायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायच्या. मॉनिटरवर आकडा लिहिलेला असला तरी.

"ताई, तीस सेकंद मोजून दुप्पट केलं तर नाही का चालत?" मी एकदा विचारलं.

"आणि पुढच्या तीसात त्याने घेतलाच नाही तर?"

सुरुवातीला मला हे अनुभवी माणसाचं शिस्तीचं बोलणं वाटलं होतं. ती नुसती भीती होती, हे कळायला सहा महिने गेले. एकदा कँटीनमध्ये मी पोह्यांची प्लेट त्यांच्यापुढे सरकवली, तर त्यांनी ती परत माझ्याकडे ढकलली. "ड्यूटीवर यायच्या आधी माझ्या घशाखाली काही उतरत नाही," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं झाली. रोज वाटतं, आज माझ्या हातून कोणीतरी जाणार." उज्जैनमध्ये राहून सकाळचे पोहे न खाणारं माणूस म्हणजे काय, हे इथल्यांनाच कळेल.

सणाच्या दिवसांची त्यांना वेगळी धास्ती. श्रावणी सोमवारी शहर गर्दीने बंद पडतं, तेव्हा "आज मेकॅनिक वेळेवर पोचायचा नाही" म्हणून आदल्या दिवशीच मशीनवाल्याला बोलावून बसवायच्या. तो बिचारा म्हणायचा, "दीदी, मशीन में कुछ खराबी नहीं है." त्या म्हणायच्या, "मेरे में है. तू देख ले एक बार."

मात्र त्यांचे हात कधी थरथरताना मी पाहिले नाहीत. बर्फासारखे गार असायचे, पेशंटला लावण्याआधी त्या तळवे एकमेकांवर चोळायच्या, पण स्थिर. मला पहिल्यांदा सक्शन करायला उभं केलं तेव्हा माझी नळी थडथडत होती. त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भीती पोटात राहू दे. हातात उतरू देऊ नको."

आणखी एक त्यांचा कायदा होता. आमच्या वॉर्डात "कुछ नहीं होगा" म्हणायला बंदी होती. पेशंटला नाही, नातेवाइकाला नाही, एकमेकींना नाही. "काय होणार ते तुला माहीत आहे का? मग बोलायचं नाही. काय करणार आहेस ते सांग. 'आता नळी साफ करते, खोकला येईल, दहा सेकंदात संपेल.' एवढं पुरे." बेशुद्ध पेशंटलासुद्धा त्या असंच सगळं सांगून करायच्या. आता पाठ पुसतेय हं. आता डोळ्यांत थेंब घालतेय, गार लागतील. आम्ही हसायचो.

वॉर्डाची भाषा हिंदी. ताईही तिथे हिंदीच बोलायच्या, माझ्याशीसुद्धा; मला म्हटलेलं मी इथे मराठीत लिहितेय, एवढंच. त्यांचं घराणं शिंद्यांच्या चाकरीतून पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं, माझे वडील रेल्वेच्या नोकरीने आलेले. घरी मराठी, बाहेर हिंदी, ही आम्हा दोघींची सवय. फक्त खूप घाबरल्या की ताईंच्या तोंडून मराठी यायची. हे इतकं पक्कं होतं, की मराठीचा एक शब्द न येणाऱ्या मुलीसुद्धा ओळखायच्या. "दीदी मराठी में बोल रही हैं," एवढं कोणी म्हटलं की सगळ्या हातातलं टाकून धावायच्या.

पहिल्यांदा ते मी एका मिलवाल्या बाबूजींच्या वेळी ऐकलं. चार नंबरवर होते. दम्याचे जुने पेशंट, तोंडाने शिवराळ. सुई टोचली की आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. ताई त्यांना रोज सकाळी एक खेळ खेळायला लावत: "बाबूजी, एक सांस में गिनती गिनो." आदल्या दिवशी ते बारापर्यंत गेले होते. त्या सकाळी पाचावर थांबले. मॉनिटरवर ऑक्सिजन त्र्याण्णव होतं, त्यांच्यासारख्यासाठी छानच. नवे डॉक्टर सक्सेना राउंड आटपून फाइली लिहीत होते.

"सर, जरा देख लीजिए," ताई म्हणाल्या.

"सिस्टर, सॅच्युरेशन तो बढ़िया है."

"सर, बारह से पाँच पर आ गए हैं. और मैंने सुई लगाई तो गाली भी नहीं दी."

डॉक्टर हसले. ताई हसल्या नाहीत. त्या बाबूजींच्या गळ्याकडे बघत होत्या. गळ्याखालच्या हाडावरचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि त्यांचे डोळे मिटत चालले होते. झोप आल्यासारखे. मग त्या माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "वर्षा, ट्रॉली आण. पळ."

ट्रॉली म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकायचं सगळं सामान. मी आणेपर्यंत बाबूजींनी हाकेला ओ देणं बंद केलं होतं. ऑक्सिजन शरीरात जात होता. पण श्वास बाहेर टाकायची ताकद संपून विषारी हवा आत साठत चालली होती, आणि तो आकडा मॉनिटर दाखवत नाही. सक्सेनांनी धावत येऊन ट्यूब टाकली तेव्हा त्यांचे स्वतःचे ओठ पांढरे पडले होते.

बाबूजी सहाव्या दिवशी ट्यूबमधून सुटले आणि सुटल्या सुटल्या पहिली शिवी त्यांनी ताईंनाच दिली. त्या दिवशी सक्सेनांनी विचारलं, "दीदी, आपको पता कैसे चला?"

"पता नहीं चला, सर. डर लगा."

पुढचं सांगताना मला अजूनही जड जातं, कारण त्यात माझा हात आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली गोष्ट. दहाच्या वॉर्डात सोळा खाटा लावल्या होत्या. प्लास्टिकच्या किटमध्ये घाम पायांपर्यंत ओघळायचा, चष्म्यावर धुकं धरायचं, माणसं ओळखायला पाठीवर मार्करने नावं लिहिलेली. आठ नंबरवर एक शाळामास्तर होते, बेचाळीस वर्षांचे, चांगले धिप्पाड. व्हेंटिलेटरवर होते, गुंगीत. त्यांची फुप्फुसं उघडावीत म्हणून त्यांना दिवसातून काही तास पालथं निजवायचं असायचं. तशा माणसाला पालथं करायला सहा जण लागतात. एक डॉक्टर डोक्याशी ट्यूब धरून, चार जण दोन बाजूंना, आणि एकीने फक्त मशीनचे पाइप सांभाळायचे. पाइप माझ्याकडे होते.

ताईंनी मोजायला सुरुवात केली. "एक, दो..." माझ्या बाजूचा पाइप खाटेच्या कठड्यात अडकलेला मला दिसला. दिसला, आणि वाटलं, सरकेल. तोंडातून शब्द काढायला अर्धा सेकंद लागला असता. "तीन."

माणूस पालथा झाला आणि ट्यूब बाहेर आली.

मशीन ओरडायला लागलं. मग ताईंचा आवाज आला, मराठीत, "सरळ करा. परत सरळ करा त्यांना!" तिथे माझ्याखेरीज कोणालाच मराठी येत नव्हती, पण सगळ्यांना कळलं. मास्तरांना उताणं केलं तोवर ताई स्टूलवर चढून त्यांच्या तोंडावर मास्क दाबून बॅग देत होत्या. डॉक्टरांनी पुन्हा ट्यूब टाकायचा प्रयत्न केला. घसा सुजलेला, काही दिसेना. पुन्हा बॅग. मी मॉनिटर बघत होते. एकाहत्तर. त्रेसष्ट. चोपन्न. त्यानंतर मी बघितलं नाही. दुसऱ्या प्रयत्नात ट्यूब गेली. सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील.

डॉक्टर भिंतीला टेकून बसले. तीन दिवस ते घरी गेले नव्हते. म्हणाले, "लिख देते हैं कि पेशंट ने खुद खींच ली."

"बेहोश आदमी ने, सर?" ताई एवढंच बोलल्या. मग फाइल माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "तू लिही. जे झालं ते. पाइप अडकलेला तुला दिसला होता, ते पण."

"तुम्हाला कसं..."

"तुझी नजर मी पाहिली."

"ताई, मला काढून टाकतील."

"टाकतील कदाचित," त्या म्हणाल्या. मी वाट बघत होते, पुढे काही धीराचं येईल म्हणून. आलं नाही. मी लिहिलं.

मग म्हणाल्या, "चल. त्यांच्या बायकोला सांगायचंय."

खाली फाटकाबाहेर नातेवाइकांची दाटी असायची. कोणी रडत, कोणी फोनवर ओरडत. त्याच आठवड्यात आमच्या रिसेप्शनची काच फुटली होती. किट उतरवून आम्ही जिन्यात आलो, आणि पहिल्या वळणावर ताई कठडा धरून थांबल्या. "थांब जरा. माझे पाय चालत नाहीयेत." मला वाटलं चक्कर आली. चेहरा पाहिला आणि समजलं. वर मास्तरांच्या डोक्याशी जी बाई दगडासारखी उभी होती, तिला आता खाली उतरवत नव्हतं. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. थोड्या वेळाने त्यांनी मास्क सारखा केला आणि उतरायला लागल्या.

मास्तरांची बायको फाटकापाशी एका उलट्या बादलीवर बसली होती, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. ताईंनी तिला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. पालटताना नळी निघाली. आमच्या हातून निघाली. तीन मिनिटं ऑक्सिजन खूप कमी झाला होता. नळी पुन्हा टाकली आहे. पुढे काय परिणाम होईल ते सांगता येत नाही.

मी मागे उभी होते, आता ही किंचाळणार, आता सगळे धावून येणार, म्हणून पाय आधीच वळवून.

"अभी सांस चल रही है?" तिने विचारलं.

"चल रही है."

"तो आप दोनों यहां क्यों खड़ी हो? अंदर जाओ."

मास्तर त्यानंतर बाराव्या दिवशी गेले. रक्तात जंतू पसरले होते. त्या तीन मिनिटांचा त्यात किती वाटा, ते मला कोणी सांगितलं नाही. मला नोकरीवरूनही काढलं नाही; त्या दिवसांत काढायला माणसं होतीच कुठे. एकदा मात्र मी ताईंना विचारलं, "माझ्यामुळे गेले का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडता उघडता, "माझा पण एक आहे तसा." कोण, कधी, ते मी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा कधी विषय काढला नाही.

दोन हिवाळ्यांनंतर ताई स्वतः आल्या. साधा फ्लू झाला होता, तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी काका त्यांना घेऊन आले तेव्हा ओठ निळे होते. दोन्ही फुप्फुसं एक्स-रेवर चुन्याने सारवल्यासारखी पांढरी. "सहा नंबर दे मला," धापा टाकत म्हणाल्या. "तिथलं सक्शन बरं आहे."

त्यांच्याइतका अवघड पेशंट मी पाहिला नाही. प्रत्येक मशीनचा प्रत्येक आवाज त्यांना कळायचा. शेजारच्या खाटेवर टीं वाजलं तरी डोळे ताडकन उघडायच्या. स्वतःच्या मॉनिटरवरून नजर हलेना, म्हणून मी तो भिंतीकडे फिरवला, तर त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघायला लागल्या. "आता काय, तोंडं पण फिरवू का आम्ही?" मी म्हटलं. त्या हसल्या, आणि त्या हसण्याने असा खोकला सुटला की ऑक्सिजन ऐंशीवर आला. त्यानंतर मी त्यांना हसवलं नाही.

काका खाली बाकावर बसून असायचे. बँकेतून निवृत्त झालेले, अबोल. रोज डबा घेऊन यायचे. ताई एक घोट पाणीसुद्धा घेऊ शकत नव्हत्या, तरी डबा यायचाच.

दाखल होऊन चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी ठरवलं, आता ट्यूब टाकायची. सामान मांडत होते मी. ताईंनी माझं मनगट धरलं. इतकी पकड, की नखं रुतली.

"वर्षा, म्हण ना."

"काय, ताई?"

"म्हण, काही होणार नाही."

त्यांचे डोळे मास्कच्या वर मोठे मोठे झालेले. मला शिकवणाऱ्या बाईचे ते डोळेच नव्हते. पाण्यात पडलेल्या कोणाचे तरी होते. मला राहवलं नाही. त्यांच्या कपाळावर हात ठेवून मी म्हटलं, "काही होणार नाही, ताई. मी आहे ना." डॉक्टरांनी औषध सोडलं. मनगटावरची बोटं एकेक करून सैल झाली.

अकरा दिवस त्या मशीनवर होत्या. मी माझ्या पाळीत त्यांच्या पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजायचे, जरी मोजण्यात काही अर्थ नव्हता, श्वास मशीनचाच होता. पाठ पुसताना सांगायचे, पाठ पुसतेय. कूस बदलताना सांगायचे. आता मला कोणी हसत नव्हतं.

बाराव्या दिवशी त्या सुटल्या. आवाज यायला आणखी चार दिवस लागले. सांगत होत्या, सगळा वेळ वाटायचं, मी क्षिप्रेच्या तळाशी आहे. राम घाटाच्या पायऱ्या पाण्याखालून दिसायच्या, लोकांची पावलं दिसायची, ओरडलं तरी कोणी वाकून बघायचं नाही. "तुझा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. पण त्यावरून मला समजायचं, की वर कुठल्या बाजूला आहे."

मला रडू आलं. धीर करून मी ते विचारलं, "ताई, ट्यूबच्या आधी मी म्हटलं होतं, ते आठवतं?"

"आठवतं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मला जास्त भीती वाटली. म्हटलं, वर्षा खोटं बोलली, म्हणजे मी नक्की मरतेय." मग म्हणाल्या, "मी मागितलं, म्हणून द्यायचं नसतं गं."

ताई घरी गेल्या, पण फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. त्यांवर डाग राहिले. नाकात नळी, घरात ऑक्सिजनचं मशीन, बाहेर जाताना छोटं सिलिंडर. नोकरी अर्थातच सुटली. तपासणीला यायच्या तेव्हा वॉर्डाच्या मजल्यावर मात्र कधी यायच्या नाहीत. "वास आला तरी छाती भरून येते," म्हणायच्या.

एकदाच आल्या. त्यात चूक माझी.

रामकन्या नावाची मुलगी दाखल होती, तराण्याकडच्या गावची, पंचवीसची असेल नसेल. बाळंत होऊन आठ दिवस झालेले आणि न्यूमोनिया. बाळ खाली सासूपाशी. तिला घट्ट बसणारा, जोराने हवा देणारा मास्क लावायचा होता. तो तासभर जरी राहिला असता तरी ट्यूब टळली असती. पण लावला की ती दोन्ही हातांनी ओरबाडून काढायची. मी समजावलं, सक्सेनांनी समजावलं, ओरडूनही पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "आधे घंटे में नहीं लगाया, तो ट्यूब."

मी औषध आणायला खाली आले, तर तपासणीच्या रांगेत ताई बसलेल्या. "चेहरा असा का?" त्यांनी विचारलं. मी सांगायला नको होतं. सांगितलं. त्या सिलिंडरच्या ट्रॉलीचा दांडा धरून उभ्या राहिल्या.

"ताई, नको. तिला इन्फेक्शन आहे, तुमची छाती..."

"चल," त्या म्हणाल्या. मराठीत.

लिफ्टपासून वॉर्डापर्यंत तीनदा थांबल्या. नाकातल्या नळीवरून साधा मास्क बांधला आणि रामकन्येच्या खाटेवर, अगदी तिच्या मांडीला लागून बसल्या. मुलीने आधी ती नळी पाहिली, मग ताईंचा चेहरा.

"डर लग रहा है?"

मुलीने मान हलवली.

"किस बात का?"

हे आमच्यापैकी कोणी तिला विचारलंच नव्हतं. "लगे कि कोई मुंडो दबई रियो हे," ती गावाकडच्या बोलीत तुटक तुटक म्हणाली, म्हणजे कोणीतरी तोंड दाबतंय असं वाटतं.

"हां. मेरे को भी ऐसा ही लगा था. पहली दस सांसें बहुत खराब जाती हैं. ग्यारहवीं थोड़ी कम खराब. पट्टा नहीं बांधेंगे. तू ही पकड़ मास्क, अपने हाथ से. जब हटाना हो, हटा देना."

मुलीने मास्क हातात घेतला, पण लावला नाही. "म्हूं मरी जऊंगी कई?"

मी मरेन का, असं ती विचारत होती.

"मालूम नहीं, बेटा," ताई म्हणाल्या. "अभी तू सांस ले रही है और मैं यहां बैठी हूं. इतना मालूम है."

रामकन्येने मास्क तोंडाला लावला. ताई तिच्यासोबत श्वास घ्यायला लागल्या. आत, बाहेर. दहापर्यंत जाईना, सहाव्यावर मुलीने मास्क काढला. पुन्हा लावला. आठ. पुन्हा. हळूहळू ती न थांबता घेऊ लागली. मी ताईंच्या बोटाला गुपचूप यंत्र लावलं. शहाऐंशी. मी त्यांच्या सिलिंडरचा प्रवाह वाढवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला एकीची धास्ती घ्यावी की दोघींची, कळत नव्हतं. अशी सव्वा तास त्या दोघी समोरासमोर श्वास घेत बसल्या. मग मुलीचा हात सैल पडला. झोपली होती. मी हळूच पट्टा बांधला. मिनिटाला चव्वेचाळीस श्वास होते, ते तीसवर आले होते.

ताईंचं ब्लाउज घामाने पाठीला चिकटलं होतं. उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. "वर्षा," त्या म्हणाल्या, "मला आता फार भीती वाटतेय. ह्यांना बोलव."

रामकन्येला ट्यूब लागली नाही. सोळा दिवसांनी बाळ घेऊन ती गावी गेली. ताई त्यानंतर चार महिने होत्या. त्यांना मी वर आणलं, त्याने त्यांचे काही दिवस कमी झाले का, हा प्रश्न माझ्यापाशी आहे, आणि उत्तर द्यायला त्या नाहीत. घरीच गेल्या, काकांच्या समोर. मी ड्यूटीवर होते.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रामकन्येच्या त्या दुपारी, फाटकापाशी. व्हीलचेअरवरून मी त्यांना खाली आणलं, तर काका स्कूटर घेऊन उभे. मी म्हटलं, "काका, ऑटो बोलावते."

"ऑटोवाला खड्डे बघत नाही," काका म्हणाले.

त्यांनी छोटं सिलिंडर स्वतःच्या दोन पायांमध्ये उभं केलं. नळी आपल्या काखेखालून मागे घेतली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने शर्टाच्या बाहीला लावली. ताई मागे बसल्या, एक हात काकांच्या खांद्यावर, गाल त्यांच्या पाठीला टेकलेला. डोळे मिटलेले. फाटकाबाहेर गतिरोधक आहे. तिथे काकांनी स्कूटर पूर्ण थांबवली, दोन्ही पाय जमिनीला लावले आणि मान वळवून काहीतरी विचारलं. ताईंनी मान हलवली. मग काकांनी इंजिन बंद केलं आणि पायांनी रेटत रेटत, आधी पुढचं चाक, मग मागचं, स्कूटर त्या उंचवट्यावरून उतरवली. मागे एक टेंपो हॉर्न वाजवत होता. त्याच्या मागे आणखी दोन गाड्या लागल्या. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी नळी एकदा चाचपली, चिमटा सारखा केला, ताईंचा हात खांद्यावर आहे ना ते बघितलं आणि मगच स्कूटर पुन्हा चालू केली.